मायचे दागिने

परवा शहाद्याच्या रस्त्यावर कापसाने भरलेला ट्रॅक्टर शेजारून गेला आणि त्या कोंदट वासाने माझा श्वास अडकला.

साठ सालच्या आसपासची दुपार. शेजारच्या गावात दरोडा पडल्याची बातमी आली. पुरुषमाणसं शेतात, पोलीस चौकी लांब. मायने मला घरातल्या कापसाच्या ढिगात पुरलं.

"खोकू नको बेटा, मी आठेच शे."

नाकातोंडात तंतू जात होते. इथेच आहे म्हणाली म्हणून कापूस जरासा सारून पाहिलं, तर माय ठेवणीतले सगळे दागिने अंगावर घालून, दार सताड उघडं टाकून उंबऱ्यावर बसलेली. मला वाटलं, ही मला टाकून लग्नाला निघाली.

दरोडेखोर आलेच नाहीत. आले असते, तर त्यांना दारातच सगळं मिळावं, आत कापसात कुणी हात घालू नये म्हणून ती सजली होती, हे मला मुलगी झाल्यावर उमगलं.