शस्त्रपूजेचं आमंत्रण

विभावरी लोणकरांनी उभ्या आयुष्यात पिस्तूल हातात धरलं नव्हतं. लेक केया लहान असताना दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल मागायची, तेसुद्धा त्यांनी कधी घेऊन दिलं नाही. देवाधर्माच्या घरात तसली वस्तू नको, असं त्यांचं साधं म्हणणं. आणि त्याच विभावरी रोज सकाळी देवापुढे निरांजन लावून, स्तोत्र म्हणून, दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका टॉवरच्या चौथ्या मजल्यावर जाऊन बसायच्या, कानाला हेडफोन लावायच्या आणि दिवसभर अमेरिकेतल्या माणसांना पिस्तूल घेऊन कुठे जावं आणि कुठे जाऊ नये ते सांगायच्या.

काम तसं सरळ होतं. तिकडे जवळ पिस्तूल बाळगायचा परवाना ज्याचं त्याचं राज्य देतं. राज्याची हद्द ओलांडली की पलीकडचं राज्य तो परवाना मानेलच असं नाही. एखादं मानतं, एखादं मानत नाही, एखादं म्हणतं की परवाना चालेल, पण माणूसही त्याच राज्याचा रहिवासी हवा. गाडी चालवता चालवता हे कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून एका अमेरिकन माणसाने कंपनी काढली. वर्गणी भरायची, हद्द जवळ आली की फोन करायचा. तिकडच्या रात्रीचे फोन दुबईत दिवसा उचलले जायचे.

विभावरींना ही भानगड पहिल्या आठवड्यातच समजली, कारण त्यांनी ती आपल्या पद्धतीने समजून घेतली. पन्नास राज्यं म्हणजे एका मोठ्या घरातल्या पन्नास जावा. ओहायो ही मोठ्या मनाची, हळदीकुंकवाला कुणीही या म्हणणारी. न्यू जर्सी ही दाराला आतून कडी लावून बसलेली, स्वतःच्या माणसाशिवाय कुणाचं काही चालू न देणारी. काही जावांचं असं की ती हिच्याकडे वाण घ्यायला येते, पण हिला कधी बोलावत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की कुणाचा परवाना कुठे चालतो त्याचा तक्ता बघायचीही फारशी गरज उरत नाही.

त्यांचं इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेलं. एकेक शब्द सावकाश, अक्षर न अक्षर दाबून म्हणायच्या. रात्रभर गाडी हाकणाऱ्या ट्रकवाल्यांना ते फार आवडायचं. "मॅम, तुमचा आवाज ऐकला की चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं," असं एकजण म्हणाला होता, आणि मग त्याने विचारलं होतं की भरलेलं पिस्तूल सीटखाली ठेवलं तर चालेल का.

एकच अडचण होती. 'नाही' म्हणायची बंदी होती. 'तुमचा परवाना सध्या तिथे मान्य नाही' असं म्हणायचं, सल्ला द्यायचा नाही, आणि शेवटी सुखरूप प्रवासाच्या शुभेच्छा द्यायच्या.

हा नियम मालकांचा. मालक रँडलसाहेब, राहणार पेनसिल्व्हेनिया. माणूस दिलदार, पण त्यांना एक खोड होती. ते अधूनमधून 'स्मिथ' नाव सांगून आपल्याच कंपनीला फोन करायचे आणि कोण कसं बोलतं ते तपासायचे. आवाज घोगरा, हसणं भल्यामोठ्या बॅरलमधून आल्यासारखं. पहिल्या वाक्याला सगळे ओळखायचे. पण ओळखलं असं दाखवायचं नाही, ही मॅनेजर कुशलची सक्त ताकीद. "ताई, साहेबांना वाटतं आपल्याला कळत नाही. त्यांचं तेवढं सुख काढून घेऊ नका."

कुशल विभावरींहून वीस-बावीस वर्षांनी लहान. चारचौघांत त्या त्याला कुशल सर म्हणायच्या, एरवी अरे-तुरे.

त्या वर्षी साहेब पहिल्यांदा दुबईचं ऑफिस बघायला येणार होते, आणि नेमके दसऱ्याला. व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, त्या दिवशी तुमचा काही सण आहे म्हणे? कुशलने विभावरींना पुढे केलं. त्यांनी सांगितलं, आम्ही खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतो, दसऱ्याला शीव ओलांडतो. साहेबांचे डोळे मोठे झाले. "शस्त्रांची पूजा? खरोखर?" आणि मग विभावरी जे बोलल्या ते कुठल्याही मराठी घरातली बाई बोलली असती. "हो तर. तुम्ही या ना, तुमचंही शस्त्र ठेवू पूजेला."

आता हे 'या ना' कसलं, ते आपल्याला सांगायला नको. 'एकदा जेवायलाच या' म्हणतो तसलं. ऐकणाऱ्याने 'येऊ की' म्हणायचं आणि दोघांनी विसरून जायचं. विभावरी घरी जाईपर्यंत विसरल्याही.

खंडेनवमीच्या दिवशी त्यांनी करामाच्या बाजारातून झेंडू आणला होता. वीस दिरहम किलो, म्हणजे पावणेपाचशे रुपये, असं स्वतःशी पुटपुटत त्या ऑफिसातल्या कीबोर्डांना फुलं वाहत होत्या. दुपारचे तीन वाजले असतील. कुशल लॅपटॉप उघडाच धरून आला.

"ताई, साहेबांचं मेल आहे. ते विमानतळाकडे निघालेत."

"सुखरूप येऊ देत."

"पुढचं वाचतो. 'विभासाठी आजोबांचं पिस्तूल घेऊन येतोय. रीतसर डब्यात, कुलूप लावून. तिने बोलावलं आहे, नाही कसं म्हणू.' खाली हसणारं तोंड."

विभावरींच्या हातातलं फूल तसंच राहिलं. "अरे, मी कधी बोलावलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, ठेवू पूजेला."

"ते म्हणायचं असतं म्हणून म्हटलं रे."

"त्यांना काय माहीत?"

खुर्चीत बसल्या त्या. इथे परक्या देशाचा पिस्तुलाचा परवाना म्हणजे कोरा कागद. साहेब इथल्या विमानतळावर उतरणार, बॅग यंत्रातून जाणार, आणि साठी उलटलेला माणूस दसऱ्याच्या दिवशी कोठडीत बसणार. का, तर विभावरी लोणकरने बोलावलं म्हणून.

"फोन लाव."

"लावला. उचलत नाहीत, गाडी चालवतायत." कुशल खुर्ची ओढून जवळ बसला. "ताई, एक विचारू? इथे सात अमिराती आहेत. त्या अमेरिकेतल्या राज्यांसारख्याच ना? कुठेतरी चालत असेल. मी उम्म अल कुवैनला राहतो. शांत आहे अगदी, कुणी कुणाला काही विचारत नाही."

"कुशल, सातही ठिकाणी एकच उत्तर आहे."

"फुजैरा?"

"यल्ला, ऊठ. पुन्हा लाव फोन."

तेवढ्यात त्यांच्याच हेडफोनवर लाइन वाजली. विभावरींनी ठरलेलं वाक्य म्हटलं, आणि पलीकडून घोगरा आवाज आला. "हाय देअर. माझं नाव स्मिथ."

कुशलने दोन्ही हात कपाळाला लावले.

विभावरींनी तोंड उघडलं, तर कुशल मान हलवत कागदावर लिहायला लागला: 'ओळखू नका. खूप आनंदात आहेत.' कागद त्याने त्यांच्या नाकासमोर धरला. विभावरींना कामाला लागून वर्षही झालं नव्हतं आणि त्यांचा व्हिसा याच नोकरीवर होता, हे त्याला कागदावर लिहायची गरज नव्हती.

"स्मिथसाहेब, परवाना कुठला?"

"पेनसिल्व्हेनिया. आणि मी आता एका पुलाकडे चाललोय. पुलापलीकडे न्यू जर्सी. मग न्यू यॉर्कचा विमानतळ. सांगा बघू."

"न्यू जर्सीत तुमचा परवाना सध्या मान्य नाही. न्यू यॉर्कमध्येही सध्या मान्य नाही."

"शाबास. डब्याला कुलूप आहे, गोळ्या काढलेल्या, डिकीत आहे. आता?"

"असं नेता येतं, असं तक्त्यात आहे. पण तिथून पुढे?"

"पुढे मी लांब जातोय. तुमच्या तक्त्यात नसेल ते."

विभावरींना वाटलं, सरळ सांगावं, साहेब, मी विभावरी, नका आणू. पण तसं म्हटलं की त्यांचा खेळ मोडला, आणि खेळ मोडलेला पुरुष ऐकून घेत नाही, रुसतो, हे त्यांना विजयकुमारांबरोबरच्या संसारात पुरतं कळलं होतं. आणि मग त्यांना सासूबाई आठवल्या. सासूबाई सुनेला कधी थेट बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते लेकीला सांगायच्या. लेकी बोले सुने लागे.

"स्मिथसाहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्या ओळखीचे कुणी रँडल आहेत का?"

कुशलने डोळे मिटले.

"असतील," आवाज म्हणाला. "का?"

"फार भले गृहस्थ आहेत. पण भोळे. त्यांना इथल्या एका बाईने आमंत्रण दिलंय, पिस्तूल घेऊन या म्हणून."

"हो का? चांगली बाई दिसते."

"वेडी आहे. आमच्याकडे काही आमंत्रणं पोटातून देतात, काही ओठातून. ते ओठातलं होतं. तिला स्वप्नातही वाटलं नाही की ते खरंच आणतील."

"रँडलला वाईट वाटेल हे ऐकून."

"वाटू दे. इथे त्यांचा परवाना..." विभावरी थांबल्या. 'सध्या मान्य नाही' हे शब्द जिभेवर आले होते. सध्या म्हणजे उद्या मानतील असं वाटायचं. "नाही," त्या म्हणाल्या. "चालत नाही. नाही म्हणजे नाही. आणलं तर त्यांना पकडतील, आणि ती बाई आयुष्यभर देवाला तोंड दाखवू शकणार नाही."

कुशलने कागद टेबलावर उपडा घातला.

"मॅम," स्मिथ म्हणाले, "तुम्हाला 'नाही' म्हणायची परवानगी आहे का?"

"नाही."

बॅरलमधून हसू आलं, मग थांबलं. "ते त्याच्या आजोबांचं आहे. तो फार हौसेने नेतोय. पूजा होईल म्हणाला."

"त्यांना सांगा, आम्ही पूजा नावाने पण करतो. वस्तू समोर नसली तर सुपारी ठेवतो."

"सुपारी?"

"देव चालवून घेतो. न्यू जर्सीसारखा नाही तो."

गाडीचा वेग कमी झाल्यासारखं वाटलं. घड्याळासारखा काहीतरी टिकटिक आवाज आला, वळताना दिवा लागतो तसला. "बघतो," स्मिथ म्हणाले. "तो हट्टी आहे. पण भेटला तर सांगतो." फोन बंद झाला. शुभेच्छा द्यायच्या राहूनच गेल्या.

संध्याकाळी साहेबांचं एका ओळीचं मेल आलं, विमानात बसलो. बाकी अवाक्षर नाही. घरी विजयकुमार जबल अलीच्या नोकरीवरून थकून आले होते, सगळं ऐकून म्हणाले, "तू त्या माणसाला सुपारी ठेवायला सांगितलीस? रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर? बंदुकीच्या संदर्भात?" हे विभावरींच्या डोक्यातच आलं नव्हतं. केया फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, यू आर सो फायर्ड." विभावरी देवापुढे बसल्या आणि देवाकडे नोकरी मागितली नाही, फक्त म्हणाल्या, त्या माणसाची बॅग हलकी असू दे.

दसऱ्याला सकाळी कुशल विमानतळावर गेला आणि त्याचा फोन काही येईना. विभावरींनी पूजा मांडली. मधोमध साहेबांच्या नावाची सुपारी ठेवली, तिला गंध लावलं, आणि लिफ्टच्या दाराकडे बघत बसल्या. एक फोन आला, कुणी केंटकीचा होता. त्याला त्यांनी टेनेसीत जाऊ दिलं.

लिफ्ट उघडली. आधी कुशल, मागून रँडलसाहेब. चुरगळलेला शर्ट, खांद्याला एकच पिशवी. विभावरी उठून उभ्या राहिल्या. हात आपोआप जोडले गेले, ते त्यांच्यासाठी की देवासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

साहेब पूजेसमोर येऊन उभे राहिले. "हेच का माझं?" त्यांनी सुपारीकडे बोट केलं.

"हो. तुमच्या आजोबांचं."

त्यांनी टोपी काढली. मग जरा खाकरून म्हणाले, "मी खरं तर आणणार होतो. पण वाटेत एक ओळखीचा माणूस भेटला. स्मिथ नावाचा. म्हणाला, आणू नको. अशी काही बोलली म्हणे ती बाई."

"कोण स्मिथ, सर?" कुशल पटकन म्हणाला.

"तू नाही ओळखत." साहेबांनी विभावरींकडे बघितलं. "तिला निरोप दिलाय त्याने. यापुढे तिने 'नाही' म्हणायला हरकत नाही. एकटीने. बाकीच्यांनी नाही."

विभावरींनी मान खाली घालून प्रसादाची वाटी पुढे केली. पण मनात एक रुखरुख राहिलीच होती. एवढ्या लांबच्या प्रवासात ती वस्तू नेमकी गेली कुठे?

"आणि साहेब, पिस्तूल?"

"स्मिथकडे ठेवलंय."

"स्मिथ राहतात कुठे? पुलाच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे. पेनसिल्व्हेनियात."

"मग बरं," विभावरी म्हणाल्या, आणि त्यांनी साहेबांच्या हातावर पेढा ठेवला, आणि वर आणखी एक. "हा स्मिथसाहेबांना द्या."

साहेबांनी दोन्ही तिथेच खाल्ले.