चार जावयांची ज्वारी

नमिरानं मोलगीकडच्या पाड्यांवरून गावरान ज्वारीचं बी गोळा केलं, तेव्हा दर पुडीवर घरच्या कर्त्या पुरुषाचं नाव टाकलं. फॉर्मच तसा होता. प्रयोगशाळेतून त्या बियांचे जनुकीय आकडे आले आणि प्रश्न पडला, यातले वाण कोणत्या सॉफ्टवेअरनं ओळखायचे?

तिच्या मार्गदर्शक सरांच्या लेखी हा प्रश्नच नव्हता. विभागात सगळेच वापरत ते रंगीत पट्ट्यांचं सॉफ्टवेअर होतं की. त्यानं चार पाड्यांवरच्या चार पुड्यांतल्या ज्वारीला ओळखीच्या वाणांहून वेगळे असे चार रंग दिले. चार नवे वाण म्हणून सर खूश. प्रबंधाचं हे प्रकरण पंधरा दिवसांत द्यायचं होतं.

नमिरानं मात्र त्याची माहितीपुस्तिका ओळन् ओळ वाचली. एका गटातली झाडं एकमेकांच्या परागावर मोकळेपणी फळतात, असं ते धरून चालत होतं. ज्वारीचं कणीस तर बहुतेक स्वतःच्याच परागावर भरतं. मग सख्ख्या बियांनाही ते परकं ठरवत असेल तर? वाण खोटे निघाले तर तिच्या नावावर कायमचे खोटे.

अख्खं कॉलेज वेडं आणि आमची सून तेवढी शहाणी, असं सासूबाई इफ्फत म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण बाजाराच्या दिवशी नातीला त्यांनीच सांभाळलं.

कोणाचं बी कुठून आलं हे कळल्याशिवाय सॉफ्टवेअरची परीक्षा होणार नव्हती. म्हणून नमिरा जीपनं मोलगीच्या बाजारात रमिलाबाईंकडे गेली. पहिली पुडी त्यांनीच दिली होती. तिनं त्या चार पुड्यांवरची नावं वाचून दाखवली, तशा रमिलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

"हे चारी माझे जावई. बी पोरींनी नेलं, माझ्याच कणगीतलं. जावयाला काय ठाव बियाचं?"

दुसरं एक सॉफ्टवेअर होतं, ते झाडं कशी फळतात याबद्दल काहीच धरून चालत नव्हतं. पण त्यात बटणं नव्हती, एकेक आज्ञा टाइप करावी लागे. एक स्वल्पविराम राहिला की ते अडून बसे. नमिराही अडून बसली. आठव्या दिवशी चारही जावयांची ज्वारी एका ढिगात आली आणि तुलनेसाठी घेतलेली तोरणमाळची, आधीच नोंद असलेली ज्वारी वेगळी राहिली.

तिनं दोन्ही चित्रं सरांपुढे ठेवली. परीक्षकांना पट्टेच ओळखीचे, ते तुला आडवं घेतील तेव्हा मी मध्ये पडणार नाही, असं सरांनी बजावलं.

"मी देईन उत्तर, सर."

सरांनी प्रकरणावर सही केली. नव्या वाणांची संख्या चारवरून शून्यावर आली होती. आता बी दिलेल्या उरलेल्या साठ घरच्या बायकांना त्यांचं माहेर विचारायचं होतं.