सातवा सर्वर

गेलेल्या माणसाचे किस्से सांगायला लोक येतात, चहा पितात आणि जाताना आणखी एक टाकून जातात. विलासदादाला जाऊन महिनाही झाला नाही, अन् माझ्याकडे पोतं भरलं!

दादा भिलाईत एका लहान कॉम्प्युटर ऑफिसात होता. मी तिथंच वायरमन, आठवी नापास. लांबच्या मशीनवर चालणारा प्रोग्राम दादा इथं बसून मध्येच थांबवायचा, आतली चूक शोधायचा, मग सोडायचा. त्या हत्याराला डीबगर म्हणतात. नवा डीबगर आला होता. तो जुन्या सर्वरांशीही बोलतो की नाही, हे तपासायचं होतं. जुने सर्वर सात.

* * *

पहिलाच सर्वर मुका! नवा डीबगर जोडल्याबरोबर विचारायचा, तुझं व्हर्जन कोणतं? जुन्याला हा प्रश्नच माहीत नव्हता.

दादा हसला. "म्हाताऱ्याच्या घरी जाऊन पहिले वय इचारते का कोणी? आधी जयभीम घाल ना बे!"

मग त्यानं डीबगरला आधी जुन्या पद्धतीनं बोलायला लावलं. सर्वर लगेच बोलला.

* * *

कुरुदच्या गोदामात ट्रक तोलायचा काटा अशाच एका सर्वरवर चालायचा. दादानं त्याचा प्रोग्राम थांबवला आणि सोडायचं विसरून डबा खायला बसला. बाहेर ट्रकांची रांग!

काटेवाल्याचा फोन आला. "विलासभाऊ, काटा गोठला! ड्रायव्हर मले मारून राहिले!"

दादाच्या तोंडात घास. "पाच मिनिटं मार खा, आलोच!"

* * *

सहा सर्वर झाले आणि दादाला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. दवाखान्यात सिस्टर म्हणाली, "भैया, आराम करो."

दादा मला म्हणाला, "पाह्य ना, मले थांबवलं तर आहे, पण चूक कोणाले सापडूनच नाही राहिली!"

मी हसलो. जोरात हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

* * *

दादाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि मी कामावर गेलो. साहेब म्हणाले, "नंदिनी खदान वाला सर्वर लिस्ट से काट दो. पुराना है, कौन पूछता है."

मी त्यांची कॉलर धरली. "दादानं सहा केले, ते कायले केले मग?" तिघांनी मला ओढून काढलं.

साहेबांनी शर्टाचं तुटलेलं बटण खिशात टाकलं. म्हणाले, "कल तू ही बैठ."

* * *

नंदिनीच्या खाणीत त्या सर्वरवर मेश्राम काका असतात. दादाच्या तिरडीला पुढचा खांदा त्यांचाच होता.

दादाची आणि त्यांची एक रीत होती. प्रोग्राम थांबला की दोघांनीही फोन कानाला लावून ठेवायचा. तिकडची स्क्रीन बघून काकांनी "सोड" म्हटल्याशिवाय इकडं बटण दाबायचं नाही.

साहेबांनी बटणं दाखवली, मी दाबली. सर्वर बोलला! प्रोग्राम थांबला. साहेबांनी यादीत सातव्यासमोर स्वतःच्या हातानं 'चालतो' लिहिलं.

मी फोनवर म्हणालो, "काका, झालं. सोडू का?"

तिकडून नुसता श्वास.

"काका, सोडू?"

"थोडा थांबून राय ना, विलास."