हातभर वामेच्या पोटात

शकुबाईचा हात हलका, असं सगळं येडगाव म्हणायचं. धरणाच्या भिंतीखाली आम्ही दोघी शेजारी विळी मांडून मासे कापायला बसायचो. माझी विळी तिच्यापेक्षा धारदार. माझा नवरा सावळेराम आणायचा ती मासळी सगळ्यांत मोठी. तरी गिऱ्हाईक तिच्यापुढे ताटकळायचं आणि मी माशा हाकलत बसायचे. तिचा राग यायचा. खोटं कशाला सांगू, अजून येतो.

बाई दुसरीपर्यंत शिकलेली. नवरा भागुजी लवकर गेला, तेव्हापासून लोकांची मासळी कापून तिनं घर चालवलं. खोड एकच. आतडी कुत्र्यांना टाकायच्या आधी ती माशाचं पोट चिरून बघायची, यानं काय खाल्लंय ते. "सासू बरी तुज्यापरीस," मी म्हणायचे. "ती निदान मान्साचंच खानं मोजती." शकुबाई नुसती हसायची.

अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या कॉलेजातून आरती मॅडम आल्या, वही आणि फूटपट्टी घेऊन. शिकारी मासा अंगानं वाढला की त्याची शिकारही बदलते का, हे त्यांना तपासायचं होतं. मी घाईनं म्हणाले, "त्यात काय, मोठा मासा मोठंच खातो." मॅडमनी मान डोलावली. वही मिटलेलीच राहिली.

शकुबाई मान वर न करता म्हणाली, "मरळीचं तसंच हाय. वीतभर असती तवर किडं, झिंगं. हातभर झाली की मासळी, बेडूक. पन वाम केवढी बी लांब व्हऊ द्या, तोंड बारीकच. पोटात किडं नि झिंगंच घावत्यात. लांबी नका बघू, तोंड बघा."

वही उघडली. पानावर शकुबाईचं नाव पडलं.

मग महिनाभर ‘शकुताई, हे बघा’ आणि ‘शकुताई, हे काय’ चाललं. सावळेरामचे मासे तिच्या विळीवर जायचे आणि मी मॅडमना पाणी द्यायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिचं एकदा तरी खोटं ठरावं, एवढंच मला हवं होतं.

एका सकाळी सावळेरामच्या जाळ्यात हातभर वाम आली. मी चिलापी माशाचं बोटाएवढं पिल्लू घेतलं आणि बोटानं ढकलत वामेच्या घशाखाली सारलं. शेपटीकडून. तोंड फाटेल अशी भीती वाटली, पण बसलं.

शकुबाईनं पोट चिरलं. पिल्लू बाहेर आलं, तसा मॅडमचा चेहरा फुलला. "म्हणजे वामही मोठी झाली की मासे खाते तर!" त्या लिहायला लागल्या. मी शकुबाईकडे बघत राहिले. तिनं पिल्लू तळहातावर घेतलं. त्याचं एकही खवलं गळालं नव्हतं. डोकं कुठल्या बाजूला होतं, तेही तिनं पाहिलं होतं. मासा शिकार डोक्याकडून गिळतो, हे मला ती पकडेपर्यंत सुचलं नाही. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, ही वाम खोडा," ती म्हणाली. "जाळ्यात गर्दीत गिळलंय तिनं. रोजचं खानं न्हाई हे."

मॅडमनी ओळ खोडली.

त्या गेल्यावर मी विळी पुसत बसले. शेवटी मीच विचारलं, "माजं नाव का नाय सांगितलंस?"

"मॅडम म्हैन्यानं जातील," शकुबाई म्हणाली. "तू हितंच बसनार."

एवढंच बोलून तिनं पुढचा मासा उचलला. मला वाटलं, हिनं चार शिव्या घालाव्यात, गावासमोर माझे वाभाडे काढावेत. मीही झिंज्या धरून भांडले असते. तिनं तेवढीसुद्धा सोय ठेवली नाही. तिच्यासारखा हात, तिच्यासारखं गिऱ्हाईक मी मागितलं होतं. त्या दिवशी कळलं, मला हवं होतं ते तिच्यासारखं मन, आणि ते काही केल्या मला लाभणार नव्हतं.