माझ्या वाट्याच्या भाकऱ्या

आम्ही खाडीकाठचे कोळी. सकाळी तांदळाची भाकरी, दोन्ही वेळेला मासळी आणि भात. अशा घरात मी भात-भाकरी सोडली तेव्हा आईला वाटलं, पोरगं आजारी पडलं. पण पनवेलच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत एकदा तरी नंबर काढायचा हे माझ्या डोक्यात बसलं होतं, आणि अशा वेळी मी कुणाचं ऐकत नाही.

ऐकायचो ते एकाचंच. जिममधला माझा जोडीदार, राहायला सुकापूरला, नोकरी ऑफिसातली. मी न्हावा शेवा बंदरातली ड्युटी संपवून ट्रेलरांच्या रांगेतून वाट काढत थेट जिममध्ये यायचो, तोवर तो माझ्यासाठी थांबलेला असायचा. बेंच प्रेस करताना बार छातीवर अडकला तर उचलायला डोक्याशी उभा असणारा माणूस आपलाच असावा लागतो. तो माझा होता, अगदी सख्ख्या भावासारखा.

"आपण दोघंही कार्ब्स बंद करू," तो म्हणाला. "स्टेजपर्यंत भात नाही, चपाती नाही, केळंसुद्धा नाही." मी त्याच्या हातावर टाळी दिली.

आधी शिरा दिसायला लागल्या आणि मी खूश झालो. मग दंड उतरले. सवयीचं वजन जड जायला लागलं, व्यायाम करूनही अंग फुगेना. आरशात बघितलं की वाळत घातलेला बोंबील दिसायचा. तो मात्र टच्च भरलेला. विचारलं तर हसून म्हणायचा, "माझी बॉडीच तशी आहे रे. तू अजून कडक डाएट कर." मी अजून कडक केलं. भात-भाकरीची साखर होऊन ती स्नायूत साठते, सोबत पाणी धरते, म्हणून स्नायू फुगतो; ती नसली की वजन उचलायचा जोर जातो आणि वाढही खुंटते. हे मला फार उशिरा कळलं. त्याला ते आधीपासून माहीत होतं.

स्टेजवर परीक्षकांनी त्याला मधे बोलावलं आणि मला कडेला सरकवलं. त्याचा नंबर आला. मी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या.

घरी आलो तर आई वाट बघत बसलेली. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं.

"भाकऱ्या कमी पडल्या का रं?"

"कसल्या भाकऱ्या?"

आई मासळी बाजारात बसते. जिमला येताना तो तिथून जायचा. माझी दशा बघून तिनं त्याच्याकडे भाकऱ्या द्यायला सुरुवात केली होती, रोज, फडक्यात बांधून. "आयनं दिल्या बोललो तं खानार नाय, मी गुपचूप चारतो, असा बोलला तो. तुला सांगू नको बोलला."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्यानं चोरून स्वतःच्या घरी भात खाल्ला असता तर चार शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण माझ्या आईच्या हातच्या, माझ्या नावाच्या भाकऱ्या खाऊन तो रोज माझ्या डोक्याशी उभा राहत होता. आईला वाटत होतं, तिच्या आहेत हे न कळता मी त्या खाल्ल्या; तिचा तो समज मी मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन घरी आला. आईनं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "याला आवडायच्या ना रं माझ्या भाकऱ्या?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मला सगळं कळलंय हे त्याला त्याच क्षणी समजलं असणार.

"हो काकी," तो म्हणाला. "रोज सगळ्या संपवायचा."

आईचा चेहरा उजळला. ती माझ्याकडे बघत होती, म्हणून मी मान हलवली.

आता जिममध्ये एकटाच जातो. आपल्याला एकट्यानं उचलता येईल एवढंच वजन लावतो.