उंदरांची पंगत

उंदरांना अहो-जाहो करणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात एकच असेल, आणि ते नेमके आमचे मेव्हणे निघावेत, हे माझं भाग्य. परळीच्या एका फार्मसी कॉलेजात ते शिकवतात. डोंगरातल्या एका पाल्याचा अर्क पांढऱ्या उंदरांना पाजून त्यांच्या अंगातल्या गाठी विरतात का, हे बघायचा त्यांना ध्यास. प्रयोगशाळेत शिरण्याआधी दारात खाकरायचे, मंडळी दचकायला नकोत म्हणून. उन्हाळ्यात तर घरचा कूलर उचलून तिकडे नेला. त्यांच्या बायकोनं अबोला धरला, तर मलाच म्हणतात, "दाजी, पावण्यांचे हाल बघवत न्हाईत."

या सगळ्याच्या मुळाशी आमच्या सासूबाई. त्यांच्या पोटात गाठ झाली होती. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि वर मेव्हण्यांनी अंगभर ओरखडे घेऊन डोंगरातून आणलेल्या पाल्याचा रसही झाला. त्या खडखडीत बऱ्या झाल्या आणि सगळं श्रेय पाल्याला देऊन मोकळ्या झाल्या. मग काय, आजारी माणसांचे नातेवाईक पाला मागायला दारात येऊ लागले. त्यांना पाला द्यावा की दवाखान्यात धाडावं, या विचारानं मेव्हण्यांना घास गोड लागेना.

प्रयोग तसा सोपा होता. एका पिंजऱ्याला अर्क, दुसऱ्याला नुसतं पाणी. पण हा माणूस गावजेवणातला नावाजलेला वाढपी. कुणाचं पान रिकामं दिसलं की यांचा जीव कासावीस! थोडे दिवस कसाबसा तग धरला, आणि मग गुपचूप दुसऱ्या पिंजऱ्यालाही अर्क वाढायला लागले. आता तुलना कशाशी करणार? प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. "सर, पंगतीत भेद करायचा म्हंजे लई अवघड हाय," एवढंच मेव्हणे म्हणाले.

प्रयोग पहिल्यापासून मांडला. या खेपेला पाण्याच्या पिंजऱ्यापुढे हात जोडून माफी मागायचे, पण भेद पाळला. निकाल लागला तो असा, की दोन्हीकडच्या गाठी सारख्याच वाढलेल्या. मी म्हटलं, आईंना कशाला सांगता? पण त्यांना राहवेना. शिरूर कासारला सासूबाईंकडे गेलो, तेव्हा त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आई, त्या पाल्यात काय न्हाई गं. उंदरांना गुण न्हाई आला."

सासूबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "कसा येईल? त्या उंदरांसाठी कुनाचं पोरगं गेलतं काट्याकुट्यात?"

मेव्हणे आधी हसले, मग बराच वेळ डोळे पुसत राहिले. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

आता पाला मागायला येणाऱ्याला ते स्वतःच्या गाडीवर बसवून दवाखान्यात नेतात. डोंगरात मात्र अजून जातात, आणि आईसाठी त्याच पाल्याची भाजी होते. भाजी कडूजहर. पण वाढायला मेव्हणे असतात, त्यामुळे ती आमच्याही पानात पडते.