तोंडातले खिळे

आमच्या ह्यांना तीन हात आहेत, असं मी लग्नानंतर सगळ्यांना सांगत असे. सोफे शिवणारा माणूस. डाव्या हाताने कापड ताणायचं, उजव्या हातात हातोडी, आणि तिसरा हात म्हणजे तोंड. मूठभर बारीक खिळे ओठांआड ठेवायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाला चिकटवायचा आणि ठोकायचा. वर गप्पाही चालू! बोलणं इतकं स्पष्ट की गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे. आणि हसणं तर मला रस्त्याच्या वळणावर ऐकू यायचं.

"अहो, गिळाल एखादा," मी म्हणायचे. त्यावर आणखी हसायचे.

खिळा काही गिळला नाही, पण वरचा पुढचा दात गेला. तेव्हापासून हसताना तोंडावर हात. मुलीने मागे लागून इम्प्लांट करून घेतलं, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू आणि त्यावर दात. हात खाली आला आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला. पण हे कसले सुधारतायत! खिळे पुन्हा तोंडात. सांगून सांगून माझा घसा सुकला. हळूहळू हिरडी वर सरकली, दाताच्या मुळाशी राखाडी धातू दिसायला लागला, आणि हात परत तोंडावर गेला.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. स्क्रूभोवतीचं हाड झिजलं होतं.

"हिरडी म्हणजे हाडाचं पांघरूण," त्या म्हणाल्या. "तुमचं पातळ झालंय. टाळूचा तुकडा काढून तिथे शिवते. तो रुजला तर दात वाचेल. नाही तर स्क्रू काढावा लागेल, आणि दुसरा बसवायला हाड उरेलच असं नाही."

"आणि खिळे?" ह्यांनी विचारलं.

"ते आता विसरा. कायमचे."

ऑपरेशन झालं आणि मी घरात पोलीस झाले. गरम नाही, कडक नाही, ओठ वर करून बघायचं नाही. आरसा मी कपाटात कोंडला. हे निमूटपणे गार भात खायचे. पुढच्या तपासणीला बाई म्हणाल्या, "गुलाबी दिसतंय. रुजतंय." घरी येताना मी भर रस्त्यात ह्यांचा हात धरला, ह्या वयात.

मग ह्यांना दुकान बोलवू लागलं. धाकटे भाऊजी सांभाळत होते. "नुसता बसून येतो," हे म्हणाले. हातोडीला हात लावायचा नाही, अशी अट घालून मी सोडलं.

दुपारी डबा घेऊन गेले. भाऊजींना एका खुर्चीचा कोपरा जमत नव्हता, एवढंच निमित्त झालं होतं. हे गुडघे टेकून बसलेले, कापड ताणलेलं, हातोडी चाललेली.

"आलीस? बघ, ह्याला एवढा कोपरा जमत नव्हता."

"तोंडात काय आहे?"

"तोंडात? काही नाही."

खोटं बोलत नव्हते, हेच तर वाईट. ह्यांना खरंच माहीत नव्हतं. माझ्या चेहऱ्याकडे बघून हातोडी थांबली, मग तोंडात जीभ फिरली. मी हात पुढे केला. तळव्यावर खिळे पडले, ओले, लाल. एकाला टाक्याचा दोरा अडकला होता.

"दादा, माझ्याही लक्षात नाही आलं रे," भाऊजी म्हणाले.

ओरडण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण त्या दिवशी मी त्या खिळ्यांवर नुसती मूठ मिटली.

शिवलेला तुकडा पांढरा पडला, मग काळा. स्क्रू काढला. "जागा भरू दे, मग बघू," बाई म्हणाल्या, पण आमच्याकडे न बघता. घरी हे भिंतीकडे तोंड करून जेवू लागले. हसणं तर संपलंच. मला रडू येत नव्हतं, राग यायचा. पण काढायचा कुणावर? जन्माची सवय काय डोक्यात असते? ती जिभेत असते.

शेवटी पदर खोचला आणि मीच दुकानात जाऊ लागले. ह्यांच्यासमोर स्टूल टाकून बसते आणि हातोडीच्या टोकाला एकेक खिळा लावून देते. सुरुवातीला हे हातोडीऐवजी तोंडच पुढे करायचे. मी गालावर टिचकी मारायचे.

परवा मोठा सोफा होता. कापड सरकायला लागलं, म्हणून त्याचं दुसरं टोक मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"खिळा," हे म्हणाले. मी मान पुढे केली.

हे माझ्याकडे बघतच राहिले. "तोंडात काय आहे?"

"तोंडात? काही नाही," मी म्हणाले.

आणि हे हसले. एका हातात कापड, एका हातात हातोडी, तोंडावर न्यायला हातच नव्हता. ती मोकळी जागा मी पहिल्यांदाच उजेडात बघितली. रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू गेलं असेल. मी खिळे तळव्यावर थुंकले आणि इतक्या महिन्यांचं रडून घेतलं.